राजाचा घट्ट डगला

ही एकोणीसशे त्र्याहत्तर सालची गोष्ट. शहरातले कारखाने एकेक करून बंद पडत होते, रस्त्यावरचा दिवा एकदा गेला की परत लागत नव्हता, आणि पोहण्याचा तलाव कोरडा ठणठणीत पडला होता. त्या तलावाच्या पोटात रविवारी दुपारी चोरून नाटकं व्हायची. मुखवटे घालून साहेबलोकांची यथेच्छ टवाळी.

नाटकं बसवायचा, त्यांचे कपडे शिवणाऱ्या शिंपिणीचा धाकटा दीर. एकदा तुरुंगाची हवा खाऊन आलेला; पुन्हा सापडला तर सुटका नाही, असं बजावून सोडलेला. म्हणून कपडे शिवताना शिंपिणीचं अर्धं लक्ष दाराकडे असे.

त्यात एक नवा ट्रंपेटवाला आला. त्याला राजा करायचं ठरलं. शिंपिणीने डगल्याच्या मापाला टेप काढली, तर हा न सांगताच छाती काढून, टाचा जुळवून उभा. वर म्हणतो, "ताई, शेवटचं बटण जरा वर घ्या, पट्ट्याखाली येतं."

राजाच्या डगल्याला कसला पट्टा? टेप गुंडाळून तिने दिराला गाठलं.

"भावजी, हा माणूस गणवेशातला आहे."

"वहिनी, तुम्हाला खांबसुद्धा हवालदार दिसतो!"

"मग वाजवायला कुठे शिकला, विचारा."

"विचारलं. मामाने शिकवलं म्हणाला."

"कुठल्या मामाने? चौकीतल्या?"

दीर हसत सुटला. मग तिनेच डगल्याचे खिसे शिवून बंद केले आणि बाही काखेत इतकी घट्ट घेतली, की हात तोंडापर्यंत जाऊ नये. ट्रंपेट वाजलं नाही तरी चालेल, शिट्टी वाजता कामा नये. डगला दिला तो ऐन प्रयोगाच्या वेळी.

राज्याभिषेक रंगात आला आणि वर काठावर बूट वाजले. तलावाभोवती पोलीसच पोलीस.

"सांगत होते ना!" शिंपीण ओरडली. सगळे राजाकडे बघायला लागले.

राजाने हात उचलला, उचलेना. त्याने हिसडा दिला, बाही टरकन फाटली, ट्रंपेट ओठांना लागलं आणि वाजली ती बड्या साहेबाच्या सलामीची धून. काठावरचे शिपाई सवयीने टाचा जुळवून ताठ! धून संपेपर्यंत हलायची सोय नाही, आणि हा ती संपवेचना. तेवढ्यात पंपाच्या खोलीतून माणसं पसार झाली. दिराने वहिनीला अक्षरशः ओढत बाहेर काढलं. शिपायांना घेऊन आलेल्या साहेबाला शुद्ध आली, तेव्हा खाली एकटा राजा उरला होता.

तो पोलिसांच्या बँडमधलाच होता. तिथे ठरलेल्या धुना वाजवून कंटाळलेला, म्हणून इथे येई. त्याची नोकरी गेली, वर्षभर आत राहिला, पुढे सर्कशीत लागला. दीर कधी सापडला नाही. दूरच्या गावी मुलांना चित्रकला शिकवत म्हातारा झाला. तलाव बुजवून तिथे आता गाड्या लावतात.

खबर कुणी दिली, ते मात्र कळलं नाही. शिंपीण ऐंशी ओलांडून गेली. त्या दिवशीचं कुणी रस्त्यात भेटलं, की ती आग्रहाने घरी न्यायची, चहा पुढे ठेवायची आणि सहज विचारायची, "तुम्ही त्या दिवशी जरा उशिराच आला होता, नाही का?"