स्टेपनीतली हवा

“स्टेपनी बघू का, बाई?” चौथ्या चाकाचं टोपण फिरवून बसवत हवावाल्याने विचारलं.

बघ रे बाबा, बघ! आधी तीच बघ! मी मनातल्या मनात ओरडलो.

“स्टेपनी कशाला?” आमची ही म्हणाली. “ती तर एकदाही वापरलेली नाही. जशीच्या तशी पडलीये डिकीत. हवा जाईल कुठे?”

“तेही खरंच,” म्हणत त्या गाढवाने नळी गुंडाळून हुकला अडकवली. जन्मभर लोकांच्या चाकांत हवा भरतोय, आणि म्हणे तेही खरंच! अरे, वापरली नाही म्हणून हवा टिकते होय? स्टेपनी नुसती पडून राहिली तरी उतरते. आणि आमच्या स्टेपनीचा तर व्हॉल्वच गळका होता. आजारी पडायच्या आदल्या आठवड्यात मी थुंकी लावून पाहिली होती, तर बारीक बुडबुडा आला होता. रविवारी बदलून घेऊ म्हटलं, आणि रविवारी मी दवाखान्यात. तेव्हापासून डिकीच्या तळाशी कोणी हात घातलेला नाही.

मी दारावर डाव्या हाताने थापा मारायला लागलो. उजवी बाजू लुळी पडल्यापासून माझ्या ताब्यात एवढा एक हात आहे आणि मान आहे. बोलणं गेलं. शब्द डोक्यात असतो, जिभेच्या टोकापर्यंत येतो, आणि बाहेर पडतो तो नुसता “आं... आं...”

ती वाकली. “काय हवंय? पाणी?”

मी मान हलवली. नाही.

“बाथरूमला जायचंय? ऊन लागतंय?”

नाही, नाही! मी अंगठा खांद्यावरून मागे नेला, डिकीकडे दाखवला. तिने मागे पाहिलं. मागे एक गाडी हवेसाठी खोळंबली होती आणि तिचा मालक हॉर्न वाजवत होता.

“हो, कळलं मला, निघतेच आहे,” ती म्हणाली. “तो ओरडतोय ते पुरे आहे, त्यात आणखी तुम्ही!”

झालं. गाडी सुरू.

तिच्यावर चिडावं तरी कसं? पहाटे तिच्या भावाचा फोन आला होता. आई कालपासून काही घेत नाही, सारखं तुझंच नाव घेतेय, निघ. तो तिथे आईजवळ एकटा. आमची मुलगी परगावी. मला सांभाळायला येणारी बाई नेमकी सुट्टीवर. मला घरी ठेवता येईना, तेव्हा हिने मला पुसलं, कपडे चढवले, शेजारच्याला बोलावून उचलून गाडीत बसवलं, कमरेला उशी दिली, आणि स्वतः चहासुद्धा न घेता स्टिअरिंगवर बसली. आईचं तोंड डोळे उघडे असताना बघायचं, एवढंच तिच्या मनात होतं.

गाडी ती माझ्या आजारपणात शिकली. जन्मभर साहेबाची गाडी चालवलेला नवरा शेजारी बसलाय आणि तोंडातून चकार शब्द काढत नाहीये, असं भाग्य गाडी शिकताना दुसऱ्या कुठल्या बाईला मिळालं नसेल. बरी चालवते. क्लच जरा जास्त दाबते, पण बरी चालवते.

आणि माझंही सगळं ती ओळखते. पाठ कुठे खाजतेय, पांघरूण कधी नको झालंय, बातम्या बंद करायच्यात की आवाज वाढवायचाय. माझी मुलगी म्हणते, आई, तुला बाबांच्या डोक्यात कॅमेरा बसवून दिलाय का गं? पण गाडी हा प्रांत माझा. तिथे तिने कधी डोकावून पाहिलं नाही. डिकीतला गालिचा उचलला की खाली चाक असतं, हे तिला माहीत होतं. त्या चाकालाही खायला घालावं लागतं, हे कोण सांगणार?

शहर मागे पडलं. मी दोनदा तिच्या बाहीला हात लावायला गेलो, दोन्ही वेळा ती दचकली. “अहो, चालवतेय ना मी! थांबू कुठेतरी? पोट दुखतंय?” शेवटी मी हात मांडीवर ठेवला. चार चाकं चांगली आहेत, प्रत्येक वेळी काय पंक्चर होतं थोडंच, असं स्वतःला समजावत राहिलो. कंपनीतले ड्रायव्हर मला हसायचे. याला बायकोचा वाढदिवस आठवत नाही, पण स्टेपनीची तारीख चुकत नाही, म्हणायचे. हसू देत.

मध्ये भावाचा फोन आला. तिने गाडी बाजूला घेऊन उचलला. “निम्म्याच्या पुढे आलेय रे. शुद्धीत आहे ना? मग सांग तिला, पोचतेच म्हणावं. दाराकडे बघत बसू नकोस म्हणावं, डोळे दुखतील.” हे बोलताना ती हसली. फोन ठेवल्यावर तिने नाक पुसलं.

पूल ओलांडल्यावर गाडीचं ढुंगण डावीकडे ओढायला लागलं. मला तिच्या आधी कळलं. मागचं डावं चाक. मग फडफड सुरू झाली. तिने इंडिकेटर देऊन, वेग कमी करत करत गाडी रस्त्याच्या कडेला अशी काही नीट घेतली की मी असतो तरी याहून चांगली घेतली नसती.

“पंक्चर,” ती उतरून, बघून आली. आणि मला धीर द्यायला म्हणाली, “असू दे. आपली स्टेपनी आहे ना! नवी कोरी. कोणीतरी थांबेल, दहा मिनिटांचं काम.”

मला धरणीने पोटात घ्यावं असं वाटलं.

एक टेंपोवाला थांबला. भला माणूस. आई अत्यवस्थ आहे हे ऐकल्यावर बाह्या वर करूनच उतरला. “ताई, तुम्ही सरका. काका, तुम्ही निवांत बसा.” निवांत! त्याने नट ढिले केले, जॅक लावला, मी एका बाजूने वर उचलला गेलो. मग डिकी उघडल्याचा आवाज, आणि स्टेपनी खाली टाकल्याचा. हवा असलेलं चाक टाकलं की उसळतं. आमचं धप्पकन पडलं आणि पडलं तिथेच राहिलं.

“ताई, ही तर साफ बसलीये.”

“बसलीये म्हणजे?”

“हवाच नाही हिच्यात.”

“असं कसं होईल? ती वापरलीच नाही कधी!”

“वापरा न वापरा, उतरतेच ती. महिन्याला बघावी लागते. काका बघत नव्हते का?”

काका बघत नव्हते का! अरे, काकांनी दुसरं केलं काय आयुष्यभर! माझ्या घशातून असा काही आवाज निघाला की तो टेंपोवाला घाबरून खिडकीशी आला.

“बघायचे,” ती सावकाश म्हणाली. “दर महिन्याला बघायचे ते.” आणि खिडकीशी येऊन तिने माझ्याकडे पाहिलं. मी समोर बघत बसलो.

टेंपोवाल्याने दोन्ही चाकं टेंपोत टाकली. पुढच्या गावात पंक्चरवाला होता. “ताई, वेळ लागेल. त्यापेक्षा असं करा, माझ्याबरोबर चला. पुढे फाट्यावर सोडतो, तिथून मिळेल काहीतरी. आई वाट बघतेय म्हणता ना? चाक मी आणून बसवतो, काकांपाशी थांबतो.”

जा, मी हाताने खुणावलं. जा, जा! तिला ढकलता आलं असतं तर ढकललंच असतं. ही खूण तिला बरोबर कळली. ती बघत राहिली, एकदा टेंपोकडे, एकदा माझ्याकडे. मला तहान लागली तर मान धरून पाजावं लागतं, नाहीतर ठसका लागतो. अनोळखी माणसाला ते काय सांगणार!

“नको,” ती त्याला म्हणाली. “आम्ही दोघं बरोबरच येतो.”

टेंपो गेला. आम्ही तीन चाकांवर बसलो. ती बाहेर उभी राहून येणाऱ्या प्रत्येक गाडीकडे बघायची, जणू चाक त्यातूनच येणार आहे. ट्रक गेला की आमची गाडी हलायची. मी स्वतःला शिव्या घातल्या, त्या हवावाल्याला घातल्या, मग दमलो.

फोन वाजला.

“हं,” ती म्हणाली. “हं. कधी?... बरं.” बराच वेळ तिकडून तो बोलत असावा. “रडू नकोस रे. तू होतास ना जवळ, बास झालं. नाही, आता घाई नाही करत. सावकाश येते.”

ती आत येऊन बसली. दोन्ही हात स्टिअरिंगवर, चाललेल्या गाडीत बसावं तशी. गेली माझी सासू. मला नेहमी “ड्रायव्हरसाहेब” म्हणायची ती. मला ओक्साबोक्शी रडावंसं वाटत होतं, पण आधी हिने रडावं म्हणून मी थांबलो. ती रडलीच नाही.

जरा वेळाने म्हणाली, “अहो.”

मी वळून पाहिलं.

“पंपावर तुम्ही हेच सांगत होता ना? स्टेपनीचं?”

इतक्या महिन्यांत तिने माझं इतकं अचूक काही ओळखलं नव्हतं. हो म्हणायला फक्त मान वरखाली करायची होती. मी तिच्या तोंडाकडे पाहिलं. ती उत्तराची वाट बघत होती, आणि हे उत्तर तिला जन्मभर पुरलं असतं. रात्री कूस बदलताना, आईचा फोटो पुसताना, प्रत्येक पेट्रोलपंपावर.

मी मान हलवली. नाही.

“मग? एवढा जीव तोडून काय सांगत होता?”

आता आली का पंचाईत! पाणी ती विचारून झाली होती, ऊन झालं होतं, बाथरूम झालं होतं. मी डावा हात पाठीमागे नेला आणि कमरेची उशी ओढायला लागलो.

“उशी?” ती म्हणाली. “उशीसाठी एवढा गोंधळ?”

मी जोरजोरात मान हलवली. हो, हो, उशी!

“कमाल आहे बाई तुमची,” ती म्हणाली, आणि तिथे तिचा बांध फुटला. रडता रडता तिने मला पुढे ओढून छातीशी धरलं, उशी काढली, झटकली, आणि पुन्हा लावली. तिला पटलं की नाही, देव जाणे.

टेंपोवाला आला तो विजयी वीरासारखा. “ताई, टणक करून आणलीत दोन्ही. व्हॉल्वपण बदलला. आता सुसाट जा, आई वाट बघतेय!” चाक चढवताना तो घामाने निथळत होता. तिने त्याला काही सांगितलं नाही. “फार उपकार झाले तुमचे,” एवढंच म्हणाली, आणि तो दिसेनासा होईपर्यंत हात जोडून उभी राहिली.

मग आम्ही निघालो, सगळ्यांना पुढे जाऊ देत. सकाळी उशी अगदी बरोबर बसली होती. आता ती चार बोटं वर सरकली होती आणि तिची शिवण नेमकी मणक्यात रुतत होती.

“आता बरं वाटतंय ना?” तिने रस्त्यावरची नजर न काढता विचारलं.

मी मान हलवली. हो.