गिळलेली ओळ

“माझं नाव का नाही, एवढंच सांगा. मग जाते मी.”

बाईंनी कालचा पेपर माझ्या काउंटरवर उघडून ठेवला. निधनवार्तांचं पान, बोट एका आजोबांच्या फोटोखाली. मी ह्या पेपरच्या ऑफिसात निधनवार्ता घेते, रडणारी माणसं मला नवी नाहीत. ह्या रडत नव्हत्या, म्हणूनच मी जरा हबकले.

“घरचे पाठवतात तेच छापतो आम्ही,” मी नेहमीची टेप लावली.

“म्हणजे मुलांनीच गाळलं.” त्यांनी मान हलवली. “बरोबरच आहे. लग्न कुठे केलं होतं आम्ही! म्हातारपणी एकत्र राहिलो, एवढंच. आजारपणात मुलं त्यांना आपल्या गावी घेऊन गेली. परवा रात्री ते गेल्याचं मला काल सकाळी पेपरातच कळलं. मुलं, सुना, नातवंडं, झाडून सगळ्यांची नावं. मी नाही. मग मुलांचे फोन यायला लागले. म्हटलं, येऊ नका म्हणून सांगणार. फोन बंदच करून टाकला.”

“मग शेवटचं बघायलाही गेला नाहीत?”

“नको असलेल्या दारात कशाला जायचं हो?”

मला राहवेना. आमच्या कॉम्प्युटरवाल्याला हाक मारली. त्याला सगळे मास्तर म्हणतात, कारण साधं काही विचारलं तरी अख्खा तास घेतो. त्याने मुलांकडून आलेली मूळ फाइल उघडली आणि काही न शिकवता स्क्रीन माझ्याकडे वळवली.

बाईंचं नाव होतं. मुलांच्याही आधी, सगळ्यात वर.

“ह्या फाइलींत प्रत्येक नावाला ठरलेली खूण असते,” तो हळूच म्हणाला. “ही पत्नी, हा मुलगा, अशी. यंदा ‘सोबती’ ही खूण नव्याने आली, ह्यांच्या नावाला तीच लावलीय. आपला प्रोग्रॅम जुनाच. खूण ओळखीची नसली की अख्खी ओळ गिळतो, आणि हूं की चूं करत नाही. बदला, बदला म्हणून मी कानीकपाळी ओरडलो. साहेब म्हणाले, चाललंय ना, मग कशाला हात लावता?”

चाललंय म्हणे! तळपायाची आग मस्तकात गेली माझी. बाईंना मात्र त्याचं काहीच नव्हतं.

“सगळ्यात वर?” त्यांनी पुन्हा विचारलं. मग पर्समधून फोन काढून चालू केला. तो हातातच थरथरायला लागला, निरोपामागून निरोप. “चष्मा आणला नाही. वाचता का जरा?”

थोरल्या मुलाचे होते. मी वाचायला लागले. “मावशी, फोन उचला ना. गाडी पाठवू का?... मावशी, तुमच्यासाठी थांबलोय... मावशी, अजून थांबलोय.”

“पुढे?”

पुढे एकच होता.

“मावशी, आता नेतो बाबांना.”

मास्तर काहीतरी म्हणाला, उद्या दुरुस्ती छापू वगैरे. बाईंनी फोन घेतला, पर्समध्ये ठेवला. पर्सची चेन काही केल्या त्यांना लावता येईना. शेवटी मीच लावून दिली.