मोठ्या पडद्याचा गेम

“भाऊजी, आता तुमीच बोलून पाहा. माह्यानं त होत नाई,” जयवंतावहिनी म्हणाली आणि पदराने डोळे टिपत आत गेली.

किशोर अकोल्याहून सकाळच्या बसने अमरावतीला आला होता. खांद्यावरची पिशवीही अजून खाली ठेवली नव्हती. खाटेवर गोवर्धन, त्याचा थोरला भाऊ, भिंतीकडे तोंड करून पडला होता. लकव्याने वाचा नेली, उजवा हात नेला. हात हळूहळू परत येईल म्हणे, पण माणूसच परतायला तयार नव्हता. डॉक्टरांचं एकच म्हणणं: याला कशात तरी रस वाटू द्या, बोटं हलवू द्या, नाहीतर हा असाच विझत जाईल. बायकोने देव केले, लेकीने गाणी लावली. पठ्ठ्याने मान वळवली नाही. शेवटी या घरात कित्येक वर्षं ज्याचं नाव कुणी काढलं नव्हतं, त्या दिराला वहिनीने फोन केला.

भांडण कशावरून, तर खेळण्यावरून. हसाल, पण खरंय. माळ्याच्या घरची ही दोन पोरं. बाप अकोल्यात मोर्णा नदीच्या काठी भाजी पिकवायचा. यांनी तिथल्याच जुन्या शहरात दुकान टाकलं ते हातात धरून खेळायच्या व्हिडिओ गेमचं! तेव्हा जगात दोन कंपन्यांची चुरस लागली होती. एकीचा गेम साधा, दणकट, बॅटरी टिकणारी. दुसरीचा म्हणजे नुसता झगमगाट: मोठा पडदा, सिनेमा, गाणी, पण महाग, आणि बॅटरी बघता बघता खलास. किशोर पहिलीचा, गोवर्धन दुसरीचा. एकाच गल्ल्यावर बसून दोघं दिवसभर त्या परदेशी कंपन्यांना सल्ले द्यायचे. जणू काही त्यांचे साहेब मोर्णेच्या पुलावर कान देऊन उभे होते.

“माह्या कंपनीनं खेळ सस्ते केले असते ना, त तुही कंपनी कुठी दिसली नसती,” गोवर्धन म्हणायचा.

“आदी तुह्या डब्याचं पोट भर! बॅटरी खाते बावा तो!”

मग एका मे महिन्यात किशोर सासरच्या लग्नाला अचलपूरला गेला. इकडे पत्र्याचं दुकान भट्टीसारखं तापलं. उन्हाने बॅटऱ्या फुगतील म्हणून गोवर्धनने माळ्याच्या अकलेने तोडगा काढला. मेथीच्या जुड्यांवर टाकतात तसं ओलं गोणपाट त्याने खोक्यांवर टाकलं, आणि सुकलं की पुन्हा पाणी शिंपडलं. किशोर परतला तेव्हा खोक्यांना आतून घाम फुटला होता. दोघांचाही माल गेला. किशोरची जीभ सुटली. बापासमोर, गिऱ्हाइकांसमोर तो म्हणाला, “तुले भाजीच विकता येते. जाय, तेच कर!”

गोवर्धन अमरावतीला निघून आला आणि खरोखरच भाजी विकायला बसला.

किशोरने पिशवीतून मोठ्या पडद्याचा गेम काढला. भिजलेल्या मालातला तेवढा एकच त्याने उघडून, पुसून, वाळवून जिवंत केला होता. कशासाठी, ते बायकोलाही सांगितलं नव्हतं.

“दादा, पाह्य काय आणलं.”

त्याने गेम भावाच्या उशाशी धरला.

“तुह्यंच खरं होतं दादा. लोकाइले मोठाच पडदा पाहिजे होता. तुही कंपनी जिंकली असती.”

गोवर्धन भिंतीकडेच पाहत राहिला. किशोरला पटलं, हे असं चालायचं नाही. या माणसाला दया कधी सोसलीच नाही. त्याने जुना आवाज काढला.

“काहून जिंकली असती? कशी जिंकन? डबा महाग, खेळ महाग, अन् बॅटरी खाते राक्षसासारखा! माह्यीनं नुसता पडदा मोठा केला असता, त तुही कंपनी भाजी...”

जीभ चावली त्याने. पण गोवर्धनची मान वळली होती. डोळे लाल, घशात घरघर. डावा हात रागाने पुढे आला, जणू म्हणत होता, दे इकडे!

किशोरने त्याला उशीला टेकवून बसवलं, गेम दोन्ही हातांत दिला. पडदा उजळला. उजवा अंगठा घसरला, पुन्हा घसरला, मग बटणावर टेकला आणि दबला. पडद्यावरची गाडी वळली.

“खरं सांगू दादा? दोघीयचंबी चुकलं,” किशोर म्हणाला. “एकमेकीवर डोये वटारून बसल्या, अन् आपल्या अकोल्यात मोबाइल मागच्या दारानं घुसला. तवा एकीनं दुसरीले नुसतं इचारलं असतं, कसं चालू हाय बावा, त... म्याबी कधी इचारलं नाई रे तुले.”

गोवर्धनने पडद्यावरची नजर काढली नाही. फक्त पाय जरा आत ओढून घेतले. खाटेवर जागा झाली. किशोर बसला.

थोड्या वेळाने वहिनी चहा घेऊन आली. ती दारातच थबकली. पडदा काळा पडला होता.

“अवो भाऊजी, बंद पडला ना तो.”

बॅटरी खाते, हे किशोरच्या ओठांवर आलं होतं. त्याने ते गिळलं. गोवर्धनचा अंगठा चालूच होता. दबत होता, सुटत होता, आणि नजर त्या काळ्या पडद्यावरून हलत नव्हती.

“राहू द्या वयनी,” किशोर हळूच म्हणाला. “जिंकून राह्यला तो.”