बेडकाने म्हटलेले 'हो'

मित्रांनो, नाक मुरडू नका. मी एक म्हातारा बेडूक आहे. अंगभर फोड, दिसायला ओंगळ, सगळं कबूल. पण यवतमाळच्या एका दवाखान्यात मी इमानेइतबारे नोकरी केली आहे! आर्णीजवळच्या ओढ्याकाठी मी सुखात किडे खात होतो. दवाखान्यातल्या प्रेमसिंगनं मला उचललं आणि ओल्या वाळूच्या मडक्यात आणून ठेवलं. तेव्हापासून जिवाला स्वस्थता म्हणून नाही.

बाईला दिवस गेलेत की नाही, हे त्या काळी आम्ही बेडूक सांगायचो. तिच्या लघवीचे थेंब सुईनं माझ्या कातडीखाली टोचायचे. शी! पण करता काय? पोटात गर्भ असला, की त्या थेंबांतल्या रसानं माझ्या लघवीत माझं बीज उतरायचं. प्रेमसिंग ते सूक्ष्मदर्शकाखाली बघायचा आणि ओरडायचा, "बेंडकानं हो म्हटलं!" बाया लाजायच्या, घरचे साखर वाटायचे. मला मात्र कुणी एक किडासुद्धा दिला नाही.

बासष्ट साल असावं. मारेगावकडची कौसल्या सासूबरोबर आली. मागच्या खेपेला तिच्या पोटात बाळ धरलंच नव्हतं; नुसते द्राक्षांच्या घोसासारखे फुगे वाढले होते. डॉक्टर रजनीबाईंनी ते काढून टाकले आणि तपासणीला येत राहायला बजावलं. आता तिला खोकला लागला होता, पाळीही चुकली होती. मला टोचलं. मी हो म्हटलं.

प्रेमसिंग सवयीनं ओरडला. सासू मथुराबाई हरखून गेल्या. सुरुवातीच्या दिवसांत दृष्ट लागू नये म्हणून सुनेला गुपचूप हिरवी चोळी देतात, तिला चोरचोळी म्हणतात. मथुराबाईंनी ती आशेनं पिशवीत आणलीच होती. त्या चोळी काढतात न काढतात, तोच रजनीबाई छातीचा फोटो घेऊन आल्या.

"थांबा, मथुराबाई. पोटात मूल नाही. त्या फुग्यांतला अंश मागे राहिला आणि त्याचा कर्करोग झालाय. छातीपर्यंत गेलाय."

"काहीबाही बोलू नका, बाई! बेंडकानं हो म्हटलं ना?"

मी मडक्यात थिजलो. मित्रांनो, मला वाटायचं, मी बाळ ओळखतो. कसलं काय! मी फक्त तो रस ओळखत होतो. तो बाळाला पोसणाऱ्या वारेतून आला की वारेतून उठलेल्या रोगातून, ते मला काय कळणार?

रजनीबाई मथुराबाईंशेजारी बसल्या. "शेतात रात्री राखणीला जागल करतात ना, तशी अंगातही जागल असते. परकं काही शिरलं की हाकलून लावते. पोटातलं लेकरू अर्धं बापाचं, म्हणजे अर्धं परकंच. तरी जागल त्याला राहू देते. का, ते आम्हालाही पुरतं कळलेलं नाही. हा रोगही लेकराला पोसणाऱ्या वारेतूनच उठलेला. त्यामुळे जागल बहुतेक त्यालाही पाहुणाच समजते."

"म्हंजे घरात चोर शिरला, अन् आमी त्याले चोळी देऊन राह्यलो!" मथुराबाईंनी चोळी पुन्हा पिशवीत कोंबली.

कौसल्या हळूच म्हणाली, "बाई, मी जगन का?"

"नव्या गोळ्या निघाल्या आहेत. नागपूरहून मागवते. पण हा बेडूक नाही म्हणेपर्यंत मी काहीच सांगणार नाही."

झालं! तेव्हापासून माझी तडफड सुरू झाली. गोळ्यांनी कौसल्याचं तोंड सोललं, केस गळले. दर खेपेला सुई टोचली की मी मडक्यात उड्या मारायचो. बाबा रे, आज तरी नाही म्हण! पण ते का माझ्या हाती होतं? पुन्हा हो. पुन्हा हो. मथुराबाई माझ्याकडे असं बघायच्या, जणू मीच वैरी.

एका दुपारी प्रेमसिंगनं काच पाहिली, पुसली, पुन्हा पाहिली. या वेळी तो ओरडला नाही. "बाई, काहीच नाही," एवढंच म्हणाला. मथुराबाईंनी अख्ख्या दवाखान्यात साखर वाटली. 'नाही'ची साखर मी पहिल्यांदाच पाहिली. रजनीबाईंनी मात्र नंतरही तपासण्या सोडल्या नाहीत.

पुढे बऱ्याच दिवसांनी कौसल्या पुन्हा आली. केस दाट झाले होते. मी हो म्हटलं, पण बाळाला की रोगाला, हे कुणालाच कळेना. मथुराबाईंनी पिशवीला हात लावला नाही. पाचव्या महिन्यात रजनीबाईंनी कौसल्याच्या पोटावर लाकडी नळी ठेवून बाळाच्या ठोक्यांसाठी कान लावला. मी मडक्याच्या काठावर चढलो.

मित्रांनो, आता मी म्हातारा झालो. एवढंच मागतो: कुणी हो म्हटलं की लगेच नाचू नका. कशाला हो म्हटलं, ते आधी नीट विचारा. आणि माझ्या मडक्यात थोडं पाणी टाका.

अरे हो, राहिलंच! त्या दिवशी रजनीबाईंनी कान उचलला, नळी मथुराबाईंच्या हातात दिली. त्यांनी ऐकलं. मग डोळे पुसत, सगळ्यांच्या देखत, पिशवीतली तीच चुरगळलेली चोळी काढली. "आता कायची चोरचोळी! घे पोरी, घाल."