मुरगळलेलं मनगट

दिगंबरराव परळीकर एकटे असले की भिंतीवरची माशी टिपतील. चार माणसं बघायला उभी राहिली की त्यांचा पिस्तुलाचा हात लटपटायला लागायचा. मागच्या वर्षी अंबरपेठच्या मैदानावर, पोलिसांच्या नेमबाजीत, त्यांची गोळी फळी सोडून मागच्या मातीत घुसली आणि शिपाईसुद्धा खिदळले. ठाण्याच्या अमिनाला, म्हणजे फौजदाराला, त्याच्याच शिपायांनी हसावं! ते हसू वर्षभर त्यांच्या कानातून गेलं नाही.

यंदा गाठ मिर्झा करामत अलींशी होती. मिर्झासाहेब शेजारच्या ठाण्याचे अमीन, हार कशी असते ते विसरलेले, आणि पुढच्या महिन्यात वजिफ्यावर, म्हणजे पेन्शनीवर निघालेले. त्यांची ही शेवटची स्पर्धा.

स्पर्धेच्या सकाळी बघ्यांच्या नुसत्या आठवणीनं दिगंबररावांचा हात घरीच लटपटायला लागला. श्वास कोंडून पाहिला, रामरक्षा म्हटली, हात थंड पाण्यात बुडवला. थरथर काही जाईना. मग त्यांनी जे केलं ते शेंबड्या पोरालाही शोभलं नसतं. "जिन्यात घसरलो, मनगट मुरगळलं," असं त्यांनी बायकोला सांगितलं. सुशीलाबाई बिचाऱ्या! त्यांनी आंबेहळदीचा लेप लावला, वर पट्टी बांधली.

"आज नाही गेलात तर नाही का चालायचं?"

"जायलाच हवं," दिगंबरराव म्हणाले. हरलो तर मनगट हरलं, आपण नाही, असा त्यांचा कावा.

आणि गंमत बघा. मैदानावर पट्टी पाहून लोक हळहळले, आणि हात एकदम स्थिर झाला. हरायची सोय झाल्यावर भीतीला कामच उरलं नाही. गोळ्या एकामागून एक काळ्या ठिपक्यात बसल्या.

मग मिर्झासाहेब पुढे आले. त्यांनी पट्टीकडे पाहिलं आणि पिस्तूल डाव्या हातात घेतलं.

"ये क्या, मिर्झासाहब?" पंचांनी विचारलं.

"जखमी हाथ के सामने अच्छा हाथ? हमसे नै होता."

तेव्हाच बोलायला हवं होतं. दिगंबररावांनी तोंड उघडलंही. पण शिपाई इतक्या कौतुकानं बघत होते, की ते पुन्हा मिटलं. मिर्झासाहेबांच्या गोळ्या भरकटल्या. कप दिगंबररावांना मिळाला. मिर्झासाहेबांनी त्यांना मिठी मारली, तीही दुखरा हात सांभाळून.

रात्रभर दिगंबरराव स्वतःच्या नावानं बोटं मोडत होते. सकाळी कप घेऊन ते मिर्झासाहेबांच्या अंगणात गेले, सगळं सांगून टाकलं, मनगटाची पट्टी सोडून खाली टाकली.

"ये कप आपका है. मैं आज सबके सामने बोल देतूं."

मिर्झासाहेब त्या धडधाकट मनगटाकडे बघत राहिले. त्यांनी थोबाडीत मारली असती तर बरं झालं असतं.

"नक्को बोलो, रावसाब," ते शेवटी म्हणाले. "आज लोगां मेरेकू शरीफ बोल रैं. कल से बेवकूफ बोलेंगे. वो नाम लेके घर बैठूं क्या मैं?"

मिर्झासाहेब वाकले, पट्टी उचलून त्यांनी झटकली आणि स्वतःच्या हातानं दिगंबररावांच्या मनगटावर पुन्हा नीट बांधून दिली.

"जादा कसके तो नै बंधी?" त्यांनी विचारलं.

लाजेनं दिगंबररावांना मान वर करता आली नाही.