एकवीस की एकोणतीस

मित्रांनो, वर्गातला फळा तुम्ही रोज पाहता. तो गणितं सांगतो, नकाशे दाखवतो आणि तास संपला की कोरा होतो. मी त्याचा भाऊबंद, पण माझं काम वेगळं. कामरगावच्या एका हायस्कुलाचा मी जुना वार्ताफलक आहे. माझ्यावर कधी कुणी गणित सोडवलं नाही. माझ्यावर लिहिल्या गेल्या त्या बातम्या: कोण पास झालं, कोण कुठे निघालं, कुणाचा डबा हरवला.

मला घडवलं रूपला मिस्त्रींनी. शाळेच्या जुन्या कपाटाची सागवानी दारं निघाली होती. ती जोडून त्यांनी माझं अंग केलं आणि भोवती चौकट ठोकली. रंग मात्र मुलांनी दिला. नववीतल्या पोरांनी बॅटरीचे जुने सेल फोडून काळी भुकटी काढली, तीत पाल्याचा रस कालवला आणि चिंध्यांनी मला दोन दिवस घासलं. सगळ्यांचे हात कोपरापर्यंत काळे झाले होते. रूपला मिस्त्री लांबून पाहत म्हणाले, "फळा कमी अन् पोट्टेच जास्त रंगले." मग मला व्हरांड्यात, ऑफिसच्या दारालगत टांगलं. समोर फाटक, फाटकापलीकडे कारंजा गावाकडे जाणारा रस्ता. येणारा-जाणारा प्रत्येक जण मला दिसायचा आणि मी त्याला.

सुरुवातीची कित्येक वर्षं माझ्यावर फार काही नसायचं. सुविचार, सुट्टीची सूचना, परीक्षेचं वेळापत्रक. मुलं सुट्टीची सूचना तेवढी वाचत. शाळेचे शिपाई गोविंदसिंग सकाळी ओल्या फडक्यानं मला पुसत आणि स्वतःशी पुटपुटत, "आज काय नवं हाये तुह्यावर?" नवं काहीच नसायचं.

मग वैजयंती मॅडम आल्या. त्या वाशीमहून बदलून आल्या होत्या, मराठी शिकवायच्या. पहिल्याच आठवड्यात त्यांनी माझ्या मधोमध एक उभी रेघ ओढली. डावीकडे लिहिलं, 'आपली शाळा, आपलं गाव'. उजवीकडे लिहिलं, 'बारावीनंतर'.

त्या दिवसापासून माझं नशीब पालटलं. डावीकडे येऊ लागलं: 'कबड्डीत आपल्या मुली तालुक्यात पहिल्या.' 'माजी विद्यार्थी हरीओम पोलीस भरतीत निवडला गेला.' 'उकंडरावांनी शाळेला लिंबाची पाच रोपं दिली, पाणी घालण्याची पाळी आठवी ब ची.' ज्याचं नाव माझ्यावर यायचं त्याच्या घरचं माणूस दुपारी फाटकात येऊन उभं राहायचं. आत यायला लाजायचं, पण मान उंच करून पाहायचं.

उजवीकडची बाजू मात्र जास्त महत्त्वाची होती, हे मला पुढे कळलं. तिथे कॉलेजांच्या प्रवेशाच्या तारखा असत. वसतिगृहाचा अर्ज कुठे मिळतो, कोणते दाखले लागतात, फोटो किती. आमच्याकडच्या मुलांच्या घरी हे सांगणारं कुणी नव्हतं. आई-वडील शेतात, मोठी भावंडं आधीच शाळा सोडून कामाला लागलेली. अकरावी-बारावीच्या मुली सुट्टीत वही घेऊन माझ्यासमोर उभ्या राहत आणि अक्षर न् अक्षर उतरवून घेत. एक दिवस मॅडम इतिहासाच्या सरांना म्हणाल्या, "पुस्तकातलं तर मी वर्गात शिकवते. पण कॉलेजचं दार कुठल्या तारखेला उघडतं अन् कधी लागतं, हे कोण शिकवणार?"

आता जे सांगतो ते सांगताना आजही माझं लाकूड आकसतं.

त्या वर्षी बारावी सायन्सला रंजीता नावाची मुलगी होती. वडील कामरगाव-कारंजा जीप चालवायचे. मुलगी सावळी, बोलायला कमी, पण मनात एक गोष्ट पक्की धरलेली: नर्स व्हायचं. तिच्या काकूचं बाळंतपण अडलं तेव्हा दवाखान्यातल्या एका सिस्टरनं रात्रंदिवस उभं राहून तिला वाचवलं होतं. तेव्हापासून रंजीताचं ठरलं होतं.

सरकारी नर्सिंगच्या अर्जाची शेवटची तारीख होती एकवीस. ही सूचना लिहायची त्या दिवशी मॅडम पेपर तपासण्याच्या कामाला वाशीमला गेल्या होत्या. जाताना कागद विकासच्या हाती दिला. विकास अकरावीतला. सगळ्या शाळेत त्याच्याइतकं देखणं अक्षर कुणाचं नव्हतं. त्यानं हौसेनं रंगीत खडू घेतले, तारखेभोवती चौकट काढली आणि एकाच्या अंकाला असं डौलदार वळण दिलं, की त्याचा नऊ दिसू लागला. एकवीसची झाली एकोणतीस.

तो खडू माझ्यावर फिरला तेव्हा मला फार छान वाटलं होतं, मित्रांनो. इतकं सुंदर मला कुणी कधी सजवलं नव्हतं.

रंजीतानं वहीत उतरवून घेतलं, एकोणतीस. चोवीस तारखेला ती वडिलांच्या जीपमधून कारंज्याच्या नेट कॅफेत गेली. अर्ज तीन दिवसांपूर्वीच बंद झाला होता.

दुसऱ्या दिवशी ती शाळेत आली ती थेट माझ्यासमोर. तारीख अजून तशीच होती. तिनं बोट टेकवून अंक पाहिला. मग मॅडम आल्या.

"मॅडम, इथं तं एकोणतीस हाये ना? का मलेच चुकीचं दिसून राह्यलं?"

मॅडमनी चष्मा वर केला, जवळ वाकून पाहिलं आणि त्यांचा चेहरा उतरला. "नाही गं. कुणालाही एकोणतीसच दिसेल."

रंजीता रडली नाही. ती व्हरांड्याच्या पायरीवर बसली आणि बराच वेळ नखानं पायरीचा चुना उकरत राहिली. गोविंदसिंगांनी तिच्यापुढे पाण्याचा तांब्या आणून ठेवला.

मॅडमनी दोन दिवस फोन केले, एक दिवस त्या रंजीताला घेऊन ऑफिसांत फिरून आल्या. उपयोग झाला नाही. तारीख गेली ती गेली. परत आल्यावर त्यांनी माझी उजवी बाजू पुसली आणि मोठ्या अक्षरांत लिहिलं:

'नर्सिंगच्या अर्जाची तारीख या फलकावर चुकीची वाचली जाईल अशी लिहिली गेली. मी ती तपासली नाही. एका मुलीचं वर्ष गेलं. चूक माझी. वैजयंती.'

शाळेत कुजबुज झाली. इतिहासाचे सर म्हणाले, "मॅडम, पुसून टाका. गावात उगीच बोभाटा होईल."

"होऊ द्या," मॅडम म्हणाल्या. "चांगल्या बातम्या आपण मोठ्या अक्षरात लिहितो ना? मग हीसुद्धा शाळेचीच बातमी आहे."

आठ दिवस तो मजकूर माझ्यावर राहिला. गोविंदसिंग रोज फडकं घेऊन येत आणि फक्त डावी बाजू पुसून जात.

विकास चार दिवस शाळेत आला नाही. पाचव्या दिवशी मधल्या सुट्टीत रंजीतानंच त्याला फाटकाशी गाठलं. तो मान खाली घालून म्हणाला, "ताई, माह्या हातानं झालं."

"तुह्यं अक्षर लय सुंदर हाये रे," रंजीता म्हणाली, "पण वाचता येत नाही." तिला नकळत हसू आलं आणि विकास रडायला लागला.

खरी अडचण पुढेच होती. रंजीताच्या वडिलांना अनसिंग गावाकडून एक स्थळ सांगून आलं होतं. मुलगी घरी बसली आहे, तर उरकून टाकावं, असं घरात सुरू झालं. एक दिवस ते जीप फाटकाबाहेर लावून मॅडमना भेटायला आले. रंजीता मागे उभी.

"मॅडम, पोरगी हुशार हाये, मले मालूम हाये. पण वरीसभर घरी बसून काय करन? लोकं इचारतात."

"घरी कशाला बसेल?" मॅडमनी माझ्याकडे हात केला. "हा फलक उद्यापासून तिच्या ताब्यात. रोज सकाळी यायचं, तारखा तपासायच्या, लिहायच्या. मग दिवसभर वाचनालयात अभ्यास. कुणी विचारलं, तर सांगा, शाळेच्या कामाला जाते."

वडिलांनी माझ्याकडे पाहिलं. ते जाणते, रोखून पाहणारे डोळे मी विसरलो नाही. मग त्यांनी मुलीकडे पाहिलं.

"करशीन?"

"करीन, बाबा."

"एकच वरीस," ते म्हणाले. "दुसरं मागू नको."

मित्रांनो, माझ्या आयुष्यातलं सर्वांत चांगलं वर्ष ते. रंजीताचं अक्षर साधं, थोडं तिरपं. पण ती प्रत्येक तारीख आधी आकड्यात लिहायची, मग शब्दांत. '२१, म्हणजे एकवीस.' लिहून झालं की दोन पावलं मागे सरकायची, फाटकापर्यंत जायची आणि तिथून वाचून पाहायची. दिसलं नाही, तर पुसून पुन्हा लिहायची. डिसेंबरातच तिनं लिहून टाकलं: 'जातीचा, उत्पन्नाचा, रहिवासाचा दाखला आत्ताच काढा. जूनमध्ये रांग असते.' ज्या मुली शाळेत यायच्या बंद झाल्या होत्या, त्यांच्या घरी जाऊन ती तारीख तोंडी सांगून यायची. शेजारच्या गोमतीबाई तिच्या वडिलांना म्हणाल्या होत्या, "तुही पोरगी तं सरपंचापेक्षा जास्त घरं फिरून राह्यली." ते हसत हसत मॅडमना सांगत होते, तेव्हा मी ऐकलं.

त्या वर्षी नर्सिंगचे अकरा अर्ज भरले गेले. पहिला तिचा. निवड झाल्याचं कळलं, तेव्हा डावीकडे तिचं नाव तिनं स्वतः लिहिलं नाही. ते विकासनं लिहिलं, कसलंही वळण न देता, अगदी सरळ.

नंतरची वर्षं भराभर गेली. मॅडम निवृत्त झाल्या. मुलांच्या घरी मोबाइल आले, शाळेचा ग्रुप झाला, सूचना ग्रुपवर पडू लागल्या. फाटकावर लाल अक्षरं पळवणारा विजेचा बोर्ड लागला. मी त्याला दोष देत नाही. तो झटपट आहे, रात्रीही दिसतो. पण त्याच्यावरचं अक्षर थांबत नाही, आणि वही उघडेपर्यंत तारीख निघून जाते. व्हरांड्याला नवा रंग देताना मला उतरवलं आणि मागच्या खोलीत, मोडक्या बाकांआड ठेवलं. उतरवताना माझा एक कोपरा उडाला. कुणाच्या लक्षात आलं नाही.

त्या खोलीत मी किती वर्षं होतो, मला सांगता येणार नाही. तिथे तारीख नव्हती. माझ्या अंगावर कोळ्यांनी जाळी विणली. गॅदरिंगच्या वेळी खुर्च्या नेण्यापुरतं दार उघडे.

मागच्या उन्हाळ्यात असंच दार उघडलं. गोविंदसिंग एकटेच आले. त्यांच्या नोकरीचा शेवटचा महिनाच उरला होता. बाकं सरकवून ते माझ्यासमोर उभे राहिले आणि गळ्यातल्या रुमालानं मला पुसू लागले.

"आयकलं का?" ते म्हणाले, जसं एखाद्या म्हाताऱ्या दोस्ताशी बोलावं. "रंजीता यवतमाळले सरकारी दवाखान्यात परमनंट झाली. तिचा बाप भेटला होता स्टँडवर. सांगता सांगता रडला."

मग त्यांनी ग्रुपवर कुणी कळवलं का, बोर्डावर आलं का, असं काहीबाही बडबडत खिशातून खडूचा तुकडा काढला. सातवीपर्यंत शिकलेला माणूस. एकेक अक्षर जोडत त्यांनी माझ्यावर लिहिलं, 'रंजीता नर्स झाली.' ते मागे सरकले, वाचलं आणि दार ओढून निघून गेले.

त्या बंद खोलीत ती बातमी वाचणारं कुणी नव्हतं. तरी मला वाटलं, मी पुन्हा कामावर रुजू झालो.

जूनमध्ये बारावीच्या मुली खुर्च्या न्यायला आल्या. त्यांतल्या मंजुषानं ते वाचलं आणि ती विचारत सुटली, ही रंजीता कोण? ऑफिसात कुणाला धड सांगता येईना. शेवटी ती निवृत्त गोविंदसिंगांच्या घरी गेली आणि सगळी हकीकत ऐकून आली. दुसऱ्या दिवशी चौघींनी मला उचलून बाहेर आणलं, धुतलं आणि मुख्याध्यापकांच्या परवानगीनं पाण्याच्या नळांजवळ टांगलं. पाणी प्यायला सगळेच येतात, म्हणून.

परवा तिथे गोजराबाई आल्या होत्या. त्यांच्याकडे साधा बटणांचा फोन आहे आणि त्यांना वाचता येत नाही. नातवाचं नाव कॉलेजच्या यादीत लागलं, असं कुणीतरी सांगितलं होतं. मंजुषानं माझ्यावरच्या ओळीखाली बोट धरून नाव वाचून दाखवलं.

"अजून एक डाव वाच, माय," गोजराबाई म्हणाल्या.

मंजुषानं पुन्हा वाचलं. गोजराबाईंनी पदरानं हात पुसले आणि ज्या जागी बोट होतं तिथे, अक्षर पुसणार नाही इतक्या हलकेच, आपली बोटं टेकवली.

मित्रांनो, मला नवा रंग नको, लाल दिवे नकोत. तुमच्या शाळेतही माझ्यासारखा एखादा असेल, त्याला बाकांआड ढकलू नका. त्याच्यावर लिहाल ते तपासून लिहा, फाटकातून दिसेल असं लिहा. आणि शेजारी कुणी वाचता न येणारं उभं असेल, तर त्याला मोठ्यानं वाचून दाखवा. त्यानं पुन्हा म्हटलं, तर पुन्हा.