बाहेरून वाजणारी बेल

पैज लागली ती न्हाव्याच्या दुकानात, आणि लावली अर्थातच भानगडने. त्याचं खरं नाव बायकोलासुद्धा आठवून सांगावं लागायचं. धंदा वायरमनचा, वय पन्नाशीला टेकलेलं, पण उद्योग सगळे शाळकरी. कोणाची स्कूटर उचलून पलीकडच्या गल्लीत ठेव, कोणाच्या दारावर ‘कुत्रा विकणे आहे’ अशी पाटी चिकटव. त्या दिवशी भंगारवाल्याकडून एक जुनाट कॉम्प्युटर काखोटीला मारून आणला आणि सांगायला लागला, की हा आता आमच्या जिन्याखालून अख्ख्या जगाला वेबसाइट दाखवणार.

“हा डबा?” न्हावी वस्तरा पुसत म्हणाला. “याच्याकडे कोंबडी ढुंकून बघणार नाही, जग कुठलं बघतंय!”

“लाव पैज. रविवारपर्यंत बाहेरून एक जरी माणूस बघून गेला, तर तुझी अर्धी मिशी. नाही आला तर माझी. रस्त्यात खुर्ची टाकून, सगळ्यांसमोर.”

बाकावरच्यांनी शिट्ट्या मारल्या. न्हाव्याने आपल्या झुपक्यावरून हात फिरवला. “लागली! पण माणूस आला हे कळणार कसं? तू तर एक नंबरचा थापाड्या.”

“बेल वाजेल ना.”

यातली मेख एकट्या भानगडला ठाऊक होती. मागे एका ऑफिसात वायरिंग करताना तिथल्या कॉम्प्युटरवाल्याने त्याला सांगितलं होतं, की इंटरनेटवर नवीन दार उघडलं रे उघडलं, की चोरांनी सोडलेले प्रोग्राम येऊन कडी हलवून बघतात. माणूस नाही काणूस नाही, आपोआप फिरत असतात, जगभर, दारोदार. म्हणजे बेल वाजणारच. आणि ती कोणी वाजवली, हे न्हाव्याला काय डोंबल कळणार!

जिन्याखाली मीटरच्या पेटीशेजारी त्याने दुकान मांडलं. डबा उघडला तर पंख्यातून धुळीचा बोळा निघाला, वर एक वाळलेलं झुरळ फुकट. मेमरीची पट्टी खोडरबराने घासली, तेव्हा कुठे मशीन बीप करून उठलं. हलकीशी फुकटातली सिस्टीम घातली, राउटरमधून बाहेरच्यांसाठी वाट मोकळी केली, आणि कोणी पान उघडलं की खटकन वाजेल अशी दारावरची जुनी बेल जोडून दिली. पान मात्र कोरंच होतं.

“भाऊ, यावर काही टाकायचंय का तुला?” वरच्या मजल्यावरची शिवणवाली ताई पायरीवर उभी होती. गळ्यात टेप, हातात कोणाची तरी पँट. “नसेल तर माझ्या पोराचा फोटो टाकतोस?”

तिचा मुलगा भांडून गेला होता, त्याला दोन वर्षं झाली. फोन बंद, पत्ता नाही. भानगडला नाही म्हणवेना. त्याने फोटो टाकला आणि खाली तिने सांगितलं ते लिहिलं: ‘ये. मी काही बोलणार नाही.’

हातातला चहा संपायच्या आत बेल वाजली.

बिल्डिंगभर आरडाओरडा. न्हावी धावत आला तो तोंड पाडूनच. ताई दोन-दोन पायऱ्या टाकत खाली.

“कोण होतं रे?”

“बाहेरचं कोणीतरी.”

“माणूसच होता ना?”

न्हावी समोर उभा, मिशी थरथरत होती. भानगडला हसू आवरेना. “मग काय भूत?”

झालं. दुसऱ्या दिवसापासून ताई शिवण घेऊन त्या पायरीवरच बसायला लागली. बेल वाजली की तिची सुई थांबायची. “बोलत नाही,” ती भानगडला सांगायची, “नुसता बघून जातो. लहानपणी रुसला की असाच दारातून डोकावून जायचा.”

भानगडची बत्तीशी मिटली. बेल काढून टाकू म्हणून एकदा स्क्रू-ड्रायव्हर घेऊन तो जिन्याखाली आला. ताईने सरकून जागा करून दिली. “बिघडली का रे? नीट कर बाबा.” तो दोन स्क्रू उगाच घट्ट करून परत गेला.

शनिवारी न्हावी त्याच्या घरी आला, दार न वाजवताच. “ताईला पोलिसांचा फोन आलाय. गावाबाहेरच्या कालव्यात एक पोरगा सापडला, हिने तक्रारीत लिहून दिलेला तसाच हिच्या हातचा टाका शर्टच्या कॉलरला आतून आहे म्हणे. ओळख पटवायला बोलावलंय. ही म्हणते, माझा मुलगा जिवंत आहे, सकाळीच येऊन गेला. फोन ठेवून दिला! अरे, उद्या बेवारस म्हणून उरकून टाकतील त्याला.”

भानगड उठला. जिना उतरून ताईच्या पायरीशी गेला.

“ताई, तो माणूस नव्हता,” त्याने सांगितलं. “मशीन येतात. कुठल्याही दारावर येतात. मला पैज लावायच्या आधीपासून माहीत होतं.”

ताई टाका घालत राहिली. “दर वेळी मशीनच?”

“दर वेळी.”

“एखाद्या वेळी तो असेल. तुला कसं कळणार?”

इथे थाप मारणं सोपं होतं, आणि थापेत त्याचा हात कोणी धरला नसता. “कळतं, ताई. माणसाने पान उघडलं की फोटोही उघडतो. मशीन फोटो मागतच नाही. मी रोज कॉम्प्युटरच्या नोंदीत बघत होतो, एकदा तरी उघडेल म्हणून. फोटो कोणीच बघितला नाही.”

तिने दोरा दाताने तोडला. सुई उशीत खोचली. “चल,” म्हणाली.

शवागाराच्या दारात भानगड थांबला. ताई आत गेली आणि बाहेर आली ती हात छातीशी घट्ट धरून. “तोच आहे.” आतला डॉक्टर म्हणाला, पाण्यात बरेच दिवस होता. बेल लागायच्या आधीपासूनचे.

पोराला निरोप देऊन झाला, तोवर रविवारची दुपार उलटली होती. न्हावी म्हणाला, “जाऊ दे रे, पैज कोण मागतंय आता?” भानगड दुकानात शिरला. दुकानातली खुर्ची स्वतःच ओढत रस्त्यात आणली आणि बसला. लोक जमले. काहींना काही माहीत नव्हतं, ते हसायच्या तयारीने आले होते.

“माणूस आला नाही,” तो मोठ्याने म्हणाला. “एकही नाही. बेल वाजणार हे मला ठाऊक होतं, मी तुम्हाला सगळ्यांना फसवलं. ताईला पण. काढ मिशी.”

न्हाव्याने साबण लावला. वस्तरा फिरला, डावी बाजू गेली. कोणी शिटी मारली नाही. तो अर्धवट चेहरा न्हाव्यालाच बघवेना. “थांब, उरलेलीही साफ करतो,” तो पुटपुटला आणि ब्रश पुन्हा फेसात बुडवला.

“अर्धीच ठरली होती ना?”

लोक बाजूला झाले. मागे ताई उभी होती.

“हो, ताई,” भानगड म्हणाला.

“मग तेवढीच काढ,” ती न्हाव्याला म्हणाली. “उरलेली राहू दे.”

न्हाव्याने ब्रश खाली ठेवला. भानगडने गळ्याभोवतीचा टॉवेल काढून त्याची घडी घातली, आणि भर रस्त्यातून, सगळ्यांच्या मधून, तसाच घरी गेला.